आभाराचं जेवण, तिसरा मजला

ग्वांगचौ शहरात कुणालाही काहीही विचारावं. वय विचारावं, पगार विचारावा, लग्न का मोडलं तेही विचारावं. लोक हसत हसत सांगतात. फक्त 'जेवायला कुठं जाऊ या?' हा प्रश्न एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांना विचारू नये. माक विंगचेंग यांनी तो चार जणांना विचारला. तोही जिन्यात, जिथून कुणाला पळता येत नाही.

माक हे फेरीबोटींच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. अंगानं काटकुळे, कंबरेला पट्टा, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. कुणाचा उपकार अंगावर ठेवणं त्यांना जमत नसे. शेजारून वाटीभर सूप आलं तर वाटी रिकामी परत जायची नाही. तीत एक संत्रं जायचं, बसत नसलं तरी बसवलेलं. अशा माणसावर या वर्षी उपकारांचा डोंगर कोसळला होता.

झालं असं, की नववर्षाच्या साफसफाईत त्यांच्या बायकोनं, सुकयीबाईंनी, स्टुलावर चढून खिडकी पुसायला घेतली आणि त्या खुब्याचं हाड मोडून घेऊन खाली आल्या. रुग्णवाहिकेनं नेलं, डॉक्टरांनी जोडलं, आणि तीन आठवड्यांनी रुग्णवाहिकेनंच त्यांना इमारतीच्या दारात आणून सोडलं. दारात म्हणजे अगदी दारातच. घर सातव्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लिफ्ट बसवावी की नाही यावर इमारतीत कित्येक वर्षं सभा चालू आहेत. तळमजल्यावरच्या लोकांचं म्हणणं असं, की आम्हाला तर लिफ्टची गरज कधीच भासली नाही. खोटं काय आहे त्यात?

तेव्हा धावून आली ती ही चार माणसं. दुसऱ्या मजल्यावरच्या क्वोंगबाई, मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या, गोळाफेकीत तरुणपणी प्रांतभर नाव होतं. चौथ्यावरचे गाओ, गाडी चालवायला शिकवणारे, उत्तरेकडचे, बोलले की समोरच्याला वाटावं आपण रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आहोत. पाचव्यावरचे छोय, चहाचे व्यापारी, मूळचे चाओचौचे. आणि सहाव्यावरचा जाड्या ओऊ, एसी दुरुस्त करणारा. चौघांनी एका वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, सुकयीबाईंना तीत बसवलं आणि सात मजले चढवलं. पुढं दर तपासणीला खाली, तपासणी झाली की वर. माक दर वेळी खांदा द्यायला पुढं होत आणि क्वोंगबाई त्यांच्या हातात थर्मास देत.

"भावजी, तुम्ही हा धरा. हाही महत्त्वाचा असतो."

थर्मास धरून जिन्यात पुढं पुढं चालणारा नवरा, ही काही कुणाच्या स्वाभिमानाला मानवणारी भूमिका नव्हे. पण माक थर्मास घेत आणि चालू लागत. त्यांना खरी काळजी वेगळीच होती. सुकयीबाई घरात काठी घेऊन हिंडत, भात टाकत, पण घराचा उंबरा ओलांडायचं नाव काढत नसत. मार्केट नाही, उद्यानातलं गाणं नाही. दिवसभर खिडकीशी. एकदा त्या म्हणाल्या, "मी आता माणूस कुठं राहिले? सामान झालेय. चौघांनी उचलायचं, चौघांनी ठेवायचं." ते ऐकून माकांनी ठरवलं, चौघांना झकास जेवण द्यायचं. सुकयीही बाहेर पडेल, उपकारही थोडे फिटतील.

जिन्यात प्रश्न विचारून झाला आणि त्यांना वाटलं, एखाददोन नावं येतील.

"वळणावरचं हंसवालं हॉटेल चांगलं आहे की," माकांनीच सुरुवात करून दिली.

"हंस?" छोय यांनी डोळे मिटून घेतले. "अहो माक, हंस भाजतात का? हंस शिजवायचा असतो, मसाल्याच्या पाण्यात, मंद आचेवर. भाजलेला हंस म्हणजे अपघात. आमच्या चाओचौला असं केलं तर पोरीला स्थळ येत नाही."

"बरं, मग त्या देवळामागं, मातीच्या भांड्यातला भात?"

"काका, तिथं नको," ओऊ हळूच म्हणाला. "तिथला धुराचा पाइप मी साफ केलाय."

"मग? चांगलंच की."

"काका, मी साफ *केलाय*. म्हणजे आत काय होतं ते मी बघितलंय."

ही ओऊची अडचण मोठी होती. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक हॉटेलाच्या छताच्या वर तो जाऊन आलेला. आपण हॉटेल खालून बघतो, तो वरून बघत आलेला. बाजारपेठेतल्या वाफेच्या शेवयांचं नाव निघालं, त्यानं नुसती मान हलवली. कालव्याजवळच्या माशाचं नाव निघालं, त्यानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ते विचारू नका, मालक माझा मित्र आहे."

गाओंचं म्हणणं सोपं होतं. "दादा, या शहरात बारा वर्षं झाली, माझं पोट एकदाही भरलेलं नाही! बशीत चार तुकडे, त्यावर कांद्याची दोन पानं, आणि सगळे म्हणतात वा वा! अरे, वा वा कशाला? मोमो द्या पन्नास, लसूण द्या मूठभर, मी तुमचा जन्माचा ऋणी!"

"मोमो नव्हे, ज्याओझ," छोय म्हणाले.

"ज्याओझच म्हणतोय मी! दमलो की जीभ घसरते!"

क्वोंगबाईंना काहीही चालत होतं, फक्त चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्या शाकाहारी. माकांनी घरी जाऊन पंचांग बघितलं तर ठरवलेला रविवार नेमका पंधरावा. रविवार पुढं ढकलला. तेवढ्यात बातमी इमारतभर पसरली होती. तळमजल्यावरच्या ज्यांना लिफ्टची गरज कधी भासली नव्हती, त्यांनी माकांना अडवून तीन हॉटेलं सुचवली. पाववाल्यानं एक सुचवलं. केस कापणाऱ्यानं त्यांची मान वाकडी धरून ठेवत चार सुचवली आणि पाचवं आठवेपर्यंत मान सोडली नाही. माक ज्याच्या त्याच्या सल्ल्याबद्दल वाकून आभार मानत. आभार मानायच्या जेवणाआधीच त्यांचा आभार मानायचा साठा संपत आला.

अखेर सगळ्यांना मान्य होण्याजोगं एकच हॉटेल उरलं. दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर, नवंकोरं. त्याचा मुख्य गुण हा, की तिथला एसी ओऊनं अजून पाहिलेला नव्हता. हंस भाजलेलाही होता, शिजवलेलाही होता. ज्याओझही मिळत. फोनवरची बाई गोड बोलली. "खोली मिळेल ना, काका. फक्त सगळी मंडळी हजर झाल्याशिवाय खोली देत नाही आम्ही. एक जरी माणूस कमी असला तरी खोली पुढच्याला."

"आमच्यात वेळेला चुकणारं कुणी नाही," माक अभिमानानं म्हणाले. तीस वर्षं बोटी सोडल्या होत्या त्यांनी.

ही आनंदाची बातमी त्यांनी जिन्यात उभं राहून चौघांना सांगितली. सगळे खूश झाले. मग गाओंनी विचारलं, "आणि वहिनींना खाली कोण आणणार?"

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. मग चौघांनी माकांकडं बघितलं. माकांनी आपल्या चपलांकडं बघितलं. ज्यांचे आभार मानायचे, त्यांनीच यजमानीणबाईंना सात मजले उतरवायचं, हॉटेलात न्यायचं, जेवायचं आणि भरल्या पोटी पुन्हा सात मजले चढवायचं, असा हा बेत आहे हे आतापर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"आमची तक्रार नाही हं," ओऊ म्हणाला. "भूकच लागेल चांगली."

सुकयीबाईंनी मात्र साफ नकार दिला. "अहो, तुम्हाला वेड लागलंय का? त्यांच्याच खांद्यावर बसून त्यांचे आभार मानायला जायचं? मी नाही येणार. तुम्ही जा, मला डब्यात आणा."

क्वोंगबाई वर आल्या, त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "सुकयीताई, तुम्ही आला नाहीत तर आम्ही तिथं काय करायचं? भावजींचं तोंड बघत भात गिळायचा? शाळेत पोरींना पाठीवर घेऊन मी मैदानाला फेऱ्या मारल्यात. तुमचं वजन म्हणजे माझ्या हिशेबी दप्तर आहे." सुकयीबाई हसल्या नाहीत, पण रविवारी सकाळी त्यांनी निळा झगा काढून इस्त्री केला.

खुर्ची निघाली. पुढं क्वोंगबाई आणि गाओ, मागं छोय आणि ओऊ, सर्वांत पुढं थर्मास घेऊन माक. जिना उतरेपर्यंत ठीक होतं. गल्लीत आल्यावर मात्र पालखीच झाली. फळवालीनं हातातला लिचीचा घोस खाली ठेवला आणि विचारलं, "लग्न कुणाचं?" एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, मग खुर्चीतली बाई जिवंत आहे हे पाहून परत घातली. सुकयीबाईंनी रुमालानं तोंड झाकून घेतलं. गाओ मात्र रंगात आले होते. "बाजूला व्हा! डावीकडं वळतोय! इशारा द्या कुणीतरी!" ओऊनं डावा हात बाहेर काढून इशारा दिला, आणि खुर्ची एका कोपऱ्यानं कलली.

हॉटेलच्या दारात पोचले तेव्हा लिफ्टसमोर एक रखवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"लिफ्ट बंद आहे का?" माकांनी विचारलं.

"बंद नाही. छान चालते."

"मग जाऊ द्या वर."

"जाता येणार नाही. तपासणीची मुदत काल संपली."

"काल चालत होती?"

"काल फारच छान चालत होती."

"आणि आज बिघडली?"

"बिघडायला काय झालंय? मुदत संपली म्हटलं ना. साहेब मंगळवारी येणार, कागद चिकटवणार, मग बिघडली तरी चालेल."

गाओंचा आवाज चढला. "अहो, ही बाई आजारी आहे! हाड मोडलंय!"

रखवालदार उठून उभा राहिला. मनानं वाईट नव्हता. त्यानं सुकयीबाईंना आदरानं नमस्कार केला, लिफ्टच्या दाराकडं एकदा वळून पाहिलं आणि जिन्याकडं हात केला. "तिकडून जा. पायऱ्यांना मुदत नसते."

पुन्हा बांबू खांद्यावर. तीन मजले. तिसऱ्यावर पोचल्यावर कळलं, की खोली एक बाळ महिन्याचं झाल्याच्या समारंभाला दिली गेली आहे. फोनवरची गोड बाई समोरही तितकीच गोड होती. "काका, मी वाट बघितली हो. पण तुम्ही खालीच होतात."

"खाली होतो म्हणजे आलेलोच होतो!"

"खालचं धरत नाही आम्ही."

माकांची मान लालभडक झाली. तीस वर्षं बोटीला उशिरा येणाऱ्या लोकांना ते नेमकं हेच सांगत आले होते, धक्क्यावरचं धरत नाही, आणि त्या प्रत्येक माणसाचा चेहरा आता त्यांना आठवला. मिळालं ते टेबल माशांच्या काचेच्या टाक्यांना लागून, स्वयंपाकघराच्या दारासमोर. फरशी ओली. दर दोन मिनिटांनी एक नोकर यायचा, जाळी बुडवायचा आणि कुणाचं तरी जेवण तडफडत घेऊन जायचा.

पण जेवण आलं आणि हळूहळू सगळं सावरलं. छोय यांनी हॉटेलचा चहा परत पाठवला, खिशातून स्वतःची पुडी काढून चहा केला आणि सगळ्यांच्या कपात ओतला. प्रत्येकानं रिवाजाप्रमाणं दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानले. सुकयीबाईंनीही केली, पण इतकी हळू, की बोटं टेबलाला लागली की नाही कळलं नाही. शिजवलेला हंस चाखून छोय म्हणाले, "वाईट नाही." चाओचौच्या माणसाच्या तोंडून हे ऐकून स्वयंपाकी मेला तरी चालेल, इतकी ही मोठी पावती. गाओंनी ज्याओझची तिसरी थाळी मागवली. क्वोंगबाईंनी माशाचा गालाकडचा मऊ तुकडा सुकयीबाईंच्या भातावर ठेवला.

माक उभे राहिले. चार रात्री जागून त्यांनी दोन शब्द तयार केले होते. "मंडळी," ते म्हणाले, "माणसाच्या आयुष्यात..."

"बाळाच्या खोलीत दोन वाफेचे खेकडे!" मागून आरोळी आली.

"माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग..."

"खेकडे कुठं अडले रे?"

"असे प्रसंग येतात, की..." आणि माकांच्या सुपात वरून एक थेंब टपकन पडला. सगळ्यांनी वर पाहिलं. एसीच्या कडेला दुसरा थेंब तयार होत होता.

बाकीच्या माणसांना थेंब दिसतो. ओऊला त्यामागचा पाइप दिसतो. "काका, तुम्ही बोला, मी ऐकतोय," असं म्हणत तो स्टुलावर चढलादेखील. "नळी उलटी लावलीय गाढवांनी. एक मिनिट."

"ओऊ, उतर खाली," सुकयीबाई एकदम म्हणाल्या. स्टुलाबद्दल त्यांच्याइतकं त्या टेबलावर कुणालाच कळत नव्हतं. "ऐक माझं, उतर."

तो ऐकून उतरलाच. फक्त ओल्या फरशीवर उतरला. पाय टाकीच्या दिशेनं गेला, ओऊ विरुद्ध दिशेनं, आणि ज्याओझची तिसरी थाळी वरच्या दिशेनं. घोटा बघता बघता बन पावासारखा फुगला. ओऊ जमिनीवर बसून म्हणत होता, "नळी मात्र सरळ केली हं मी."

हॉटेलवाल्यांनी बर्फ आणला. माशांवरचा बर्फ, वास येत होता, पण बर्फच. रखवालदार तीन मजले चढून बघायला आला. हाड मोडलेलं नव्हतं, मुरगळलं होतं. पण पाय टेकवणं शक्य नव्हतं. आणि मग जिन्यातल्यासारखंच पुन्हा सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. उचलणारे तीन उरले. उचलायची माणसं दोन. खुर्ची एक.

"मी दोघांना दोन खेपांत नेते," क्वोंगबाई म्हणाल्या. नुसत्या म्हणाल्या नाहीत, बाह्या सरसावल्या.

"काही नको," सुकयीबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन्ही तळवे टेकले आणि उठल्या. काठी घेतली. "खुर्ची ओऊला द्या."

"अगं, तू कशी..." माक धावले.

"पायऱ्या चढा म्हणून डॉक्टरांनी गेल्या तपासणीलाच सांगितलंय."

"मला नाही सांगितलं कुणी!"

"तुम्ही औषधांच्या रांगेत होतात. मी सांगितलं नाही." त्या थांबल्या. "भीती वाटत होती हो. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वेळापत्रक लावून चालवलं असतं मला."

यावर क्वोंगबाईंना हसू आवरलं नाही. छोय यांनी खोकल्यात लपवलं. माकांनी थर्मास टेबलावर ठेवला, कंबरेचा पट्टा आणखी एका भोकानं आवळला आणि मागच्या डाव्या बांबूखाली, जिथं ओऊ असे, तिथं जाऊन उभे राहिले. क्वोंगबाईंनी तोंड उघडलं, त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मिटलं.

"एक, दोन, उचला!" गाओ ओरडले.

माकांच्या तोंडून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. ओऊ म्हणजे काय चीज आहे हे वस्तीतल्या एसींना माहीत असेल. माकांना त्या क्षणी कळलं. पण तीन मजले उतरताना त्यांना दुसरंही काही कळत गेलं. बांबू हाडाला नेमका कुठं रुततो. वळणावर मागच्या माणसावर सगळा भार कसा येतो. वर बसलेल्याला हिसका बसू नये म्हणून दात किती घट्ट आवळावे लागतात. हे या लोकांनी सात मजले केलं, पुन्हा पुन्हा केलं, आणि वर पोचल्यावर 'चहा नको, कामं आहेत' म्हणून हसत खाली गेले. आपण चार रात्री जागून जे शब्द तयार केले होते ते किती बारके होते, असं त्यांना वाटलं.

गल्लीत फळवालीनं पाहिलं तर खुर्चीत नवरीऐवजी जाडा माणूस, आणि नवरी पुढं काठी टेकत चाललेली. तिनं काहीच विचारलं नाही. लिचीचा एक घोस मात्र ओऊच्या मांडीवर ठेवून दिला.

इमारतीच्या जिन्याशी आल्यावर सुकयीबाई थबकल्या. वर पाहिलं. एका हातानं कठडा धरला. डॉक्टरांनी शिकवलं होतं, वर जाताना चांगला पाय आधी. एक पायरी. थांबल्या. दुसरी पायरी. मागून चौघं खुर्ची धरून, त्यांच्या चालीनं. घाई करायची कुणाची टाप नव्हती आणि खरं सांगायचं तर दमही नव्हता. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात नुसती काठीची टकटक. तिसऱ्यावर त्यांना कंठ फुटला.

"गाओभावजी, तुमची बाजू खाली जातेय."

"होय वहिनी!"

"छोयभावजी, वळण आलंय, खुर्ची उचला. अहो, तुम्ही मान वाकडी करू नका, कंबर जाईल. ओऊ, लिची खातोस ते खा, पण बिया जिन्यात टाकू नकोस."

"काकू, तुम्हीही घ्या की एक," ओऊ म्हणाला, आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टेकवून सगळ्यांनी लिची खाल्ल्या. खाता खाता क्वोंगबाई म्हणाल्या, तुमच्याबरोबर उद्यानात गाणारी ती कोरसमधली बाई तुमची जागा पटकावून बसलीय. "पटकावू दे," सुकयीबाई म्हणाल्या. "तिला वरचा सूर लागतो कुठं? मी बघते पुढच्या आठवड्यात." हे ऐकून माकांच्या घशात बी अडकता अडकता राहिली.

सहाव्या मजल्यावर ओऊच्या दाराशी खुर्ची आली. आत न्यायची तर दार अरुंद. कशी वळवायची यावर गाओ आणि छोय यांचं भांडण जुंपलं. खुर्ची चौघांच्या खांद्यावर तशीच. एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की सुकयीबाई थांबलेल्याच नाहीत. वरच्या वळणाआड काठीची टकटक चालू होती. एकटी. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. भांडण थांबलं. चौघं आणि खुर्चीतला ओऊ मान वर करून ऐकत राहिले. मध्ये टकटक बराच वेळ थांबली, तेव्हा माकांनी पाय उचललाही, पण क्वोंगबाईंनी डोळ्यांनी त्यांना जागेवर खिळवलं.

मग किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला. कुलूप उघडलं. आणि सातव्या मजल्यावरून आवाज आला, कितीतरी महिन्यांत न ऐकलेला, उद्यानातल्या गाण्यातला तो मोकळा, वरचा आवाज.

"पोचले हो!"

गाओ असे ओरडले की खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. छोय "वाईट नाही, वाईट नाही" असं दोनदा म्हणाले. माकांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. दोन्ही हात बांबूला गुंतलेले, त्यामुळं पुसायचीही सोय नव्हती.

"भावजी," क्वोंगबाई हळू आवाजात म्हणाल्या, "खुशाल रडा. पण आधी खुर्ची खाली ठेवा. ओऊ घसरतोय."